दुपारचे पट्टे: मिरजेतल्या एका एमआरआय संशोधन कक्षाचं प्रकरण

मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाला जोडून इमेजिंग तंत्रज्ञानाचा एक छोटा संशोधन कक्ष चालतो. त्याला वेगळी इमारत नाही, वेगळं मशीनही नाही. रुग्णालयाचंच १.५ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं एकक) क्षमतेचं एमआरआय सकाळी ८ ते दुपारी २ रुग्णांसाठी वापरलं जातं आणि २ ते ५ संशोधनासाठी मिळतं. मनुष्यबळ म्हणजे एक मेडिकल फिजिसिस्ट, दोन टेक्निशियन, अर्धवेळ रेडिऑलॉजिस्ट आणि डेटा सांभाळणारी एक इंजिनिअर. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडल्यापासून मिरजेला पेशंटची वाण कधी पडलेली नाही. पार विजापूर, बेळगावकडून लोक येतात. त्यामुळे संशोधनाला माणसं मिळतात, मशीनचा वेळ मात्र मिळत नाही. पुढे जे घडलं त्यात या टाइमटेबलचा मोठा वाटा आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेले आहेत.)

अभ्यास मधुमेही व्यक्तींच्या मेंदूतल्या श्वेतद्रव्याचा, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्यांच्या भागाचा होता. पद्धत डिफ्यूजन टेन्सर इमेजिंगची. पाण्याचे रेणू कोणत्या दिशेला किती सहज सरकतात हे ३० दिशांनी मोजायचं आणि त्यावरून प्रत्येक ठिकाणचा एफए, म्हणजे दिशाबद्धतेचा ० ते १ मधला आकडा, काढायचा. बी-मूल्य (डिफ्यूजन किती जोराने मोजायचं ते) १०००, ३० दिशा, सोबत डिफ्यूजन नसलेल्या ५ प्रतिमा, म्हणजे एकूण ३५ व्हॉल्यूम (एक व्हॉल्यूम म्हणजे अख्ख्या मेंदूची एक प्रतिमा). फील्ड ऑफ व्ह्यू (चित्राची रुंदी) २४० मिमी, मॅट्रिक्स (चित्रातली घरं) ९६ × ९६, स्लाइसची जाडी २.५ मिमी, स्लाइस ६०. एका व्हॉल्यूमला साधारण साडेआठ सेकंद, म्हणजे सगळं मिळून पाच मिनिटं. पेशंटला फार वेळ झोपवायचं नाही म्हणून प्रत्येक दिशा एकदाच घेतली जात होती. हे ‘एकदाच’ लक्षात ठेवा.

ऑक्टोबर ते मार्च या काळात ४६ जणांचे स्कॅन झाले: २४ निरोगी आणि २२ मधुमेही. निरोगी गट आधी भरला, कारण त्यात कर्मचारी आणि पेशंटसोबत आलेले नातेवाईक होते. मधुमेही माणसं ओपीडीतून निवडायची, एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट यायचा, मग त्यांना तारीख द्यायची, असं करता करता तो गट जानेवारीनंतर भरला. कुणाचीही यात चूक नव्हती. पण एक गट पावसाळा संपल्यावरच्या मशीनमध्ये मोजला गेला आणि दुसरा उन्हाच्या तोंडावरच्या मशीनमध्ये.

मार्चच्या शेवटी पहिलं विश्लेषण झालं, तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक दिसला. खटकलं ते वेगळंच. मधुमेही गटात करड्या द्रव्याचा (चेतापेशींच्या भागाचा) एफए वाढलेला होता. करड्या द्रव्यात पाणी जवळजवळ सगळ्या दिशांना सारखंच सरकतं, एफए कमी असतो, आणि तो आजाराने वाढण्याचं सरळ कारण सापडत नाही. गोंगाटाने, म्हणजे सिग्नलमधल्या विस्कळीत चढउतारांनी, मात्र तो नक्की वाढतो. सगळ्या दिशा सारख्या असल्या तरी गोंगाटामुळे त्या असमान भासतात आणि आकडा शून्यापासून वर सरकतो. इंजिनिअरने एकेक दिशा सुटी करून पाहिली. कुठे अकराव्या, कुठे सव्विसाव्या व्हॉल्यूममध्ये एखाद-दुसऱ्या स्लाइसवर तिरके पट्टे होते, साडीच्या काठासारखे एकसारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोक्याबाहेरच्या काळ्या जागेतही.

पट्ट्यांचं वाचन

एमआरआय मशीन चित्र थेट काढत नाही. ते आधी के-स्पेस नावाचा तक्ता भरतं आणि त्यावरून गणिताने चित्र तयार होतं. या तक्त्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे चित्रभर पसरलेली एक लाट. मधले बिंदू रुंद लाटांचे, कडेचे बारीक लाटांचे. हजारो लाटा एकमेकींत मिसळल्या की मेंदू दिसतो. आता कल्पना करा की एका बिंदूत कुठूनतरी ठिणगी पडली आणि त्याची किंमत शंभरपट झाली. ती एकच लाट बाकी सगळ्यांवर कुरघोडी करते. मिरजेच्या सतारमेकरांना हे लगेच पटेल: मैफल चालू असताना एकच तार अडकून अखंड वाजत राहिली, तर राग कोणताही असो, कानात तेवढाच सूर राहतो.

पट्ट्यांमधलं अंतर मोजलं की ठिणगीची जागा कळते. २४० मिमीच्या चित्रात पट्टे १० मिमी अंतरावर असतील तर बिंदू मध्यापासून २४ घरं दूर. ५ मिमीवर असतील तर ४८ घरं, म्हणजे तक्त्याच्या अगदी कडेला. पट्ट्यांचा तिरकेपणा बिंदूची दिशा सांगतो. इथे प्रत्येक खराब स्लाइसमध्ये अंतर वेगळं होतं आणि कोनही वेगळा. म्हणजे ठिणगी कुठेही, केव्हाही पडत होती.

यावरून एक मोठी शक्यता बाद झाली. खोलीभोवतीचं धातूचं कवच, म्हणजे फॅरेडे पिंजरा, फुटला, दाराच्या तांब्याच्या पट्ट्या झिजल्या किंवा खोलीत एखादं इलेक्ट्रॉनिक उपकरण राहिलं, तर बाहेरची रेडिओ लहर आत शिरते. १.५ टेस्लाला मशीन साधारण ६४ मेगाहर्ट्झवर ऐकत असतं. अशी लहर एका ठरावीक वारंवारतेची असल्यामुळे चित्रात ठरावीक जागी झिपसारखी एक रेघ उमटते. पट्टे चित्रभर, रेघ एका जागी. हा फरक ज्याला माहीत नाही तो दार उतरवून दुरुस्त करत बसतो. इथेही पहिला आठवडा दारातच गेला. पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, दोन बदलल्या. दार आधीपेक्षा छान लागू लागलं, पट्टे होते तिथेच राहिले.

सकाळच्या पेशंटना काही कसं दिसलं नाही?

रेडिऑलॉजिस्टचा हा प्रश्न रास्त होता. रोज सकाळी पक्षाघाताच्या संशयाने डिफ्यूजन स्कॅन होत होते आणि एकही तक्रार नव्हती.

रुग्णांच्या स्कॅनमध्ये तीन दिशा आणि प्रत्येकीची चार आवर्तनं घेतली जात होती, म्हणजे १२ प्रतिमांची मिळून एक. त्यातल्या एकीत ठिणगी पडली तर पट्ट्याचा जोर बाराव्या हिश्शावर येतो आणि तो नेहमीच्या दाणेदारपणात विरून जातो. ताजा पक्षाघात त्या प्रतिमेत लख्ख पांढरा दिसतो. फिकट पट्ट्याने निदान अडत नाही. संशोधनात प्रत्येक दिशा एकटी आणि एकदाच, त्यामुळे पट्टा पूर्ण ताकदीने उरतो. दोष मशीनमध्ये सकाळीही होता, तो दिसेल असं मोजमाप फक्त दुपारी होत होतं.

रोजची गुणवत्ता तपासणीही पास होत होती, कारण ती सरासरी पाहत होती. फँटमच्या (माणसाऐवजी ठेवायच्या चाचणी-बाटलीच्या) चित्रात एक वर्तुळ काढायचं, आतला सरासरी सिग्नल आणि सरासरी एडीसी (पाणी किती सहज सरकतं त्याचा आकडा) वहीत लिहायचा, अशी पद्धत. पट्ट्याचा स्वभाव बघा: तो जितका वर जातो तितकाच खाली. उदाहरणार्थ, ० अंश तापमानाच्या पाण्याचा एडीसी ०.००११ चौरस मिमी प्रति सेकंद असतो. बी शून्यला सिग्नल १००० धरला तर बी १०००ला तो ३३३ येतो. पट्ट्याने त्यात ३३ची भर पडली तर ३६६, घट झाली तर ३००. पहिल्यावरून एडीसी निघतो ०.००१०१, दुसऱ्यावरून ०.००१२०. दोहोंची सरासरी पुन्हा ०.००११०! वही समाधानी, आणि चित्रात मात्र जागोजागी दहा टक्क्यांची चूक. वर्तुळातल्या आकड्यांचं प्रमाण विचलन सोबत लिहिलं असतं तर जानेवारीतच कळलं असतं. वहीत तो रकाना नव्हता.

दुपार, रेल्वे आणि महावितरण

एका टेक्निशियनचं निरीक्षण पक्कं होतं: “सर, पट्टे दुपारीच येतात, आणि मार्चात जास्त.” त्यातून तीन तर्क निघाले. एक, दुपारी विजेचा दाब खालीवर होतो. दोन, जंक्शन जवळ असल्यामुळे मालगाडीच्या हादऱ्याने काहीतरी हलतं. तीन, उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते म्हणून स्थिर वीज साठते.

पहिले दोन एकाच दिवसात निकाली निघाले. एका रविवारी सकाळी ७ वाजता फँटम ठेवून संशोधनाचाच सिक्वेन्स (स्कॅनचा ठरलेला क्रम) लावला. पट्टे आले. स्टॅबिलायझर आणि यूपीएसच्या नोंदींत त्या वेळी काही नव्हतं, आणि गाड्यांच्या वेळांशी ठिणग्या जुळत नव्हत्या. ‘दुपार’ हे कारण नव्हतंच. दुपारी संशोधन चालायचं, एवढाच त्याचा अर्थ. अशी गल्लत फार सहज होते. वेळ आणि प्रोटोकॉल एकत्र बांधलेले असले की दोष वेळेवर ढकलला जातो.

तिसरा तर्क अर्धा खरा निघाला, पण सांगितलं गेलेलं कारण चूक होतं. बाहेर ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असलेली हवा आत आणून २० अंशांवर थंड केली, तर तिच्यातली वाफ तेवढीच राहते पण हवेची वाफ धरण्याची क्षमता घटते, आणि आर्द्रता ५५ टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे सांगलीकडचा नेहमीचा कोरडा उन्हाळा मशीनच्या खोलीला आपोआप कोरडा करत नाही. खोली कोरडी होत असेल तर तिला कुणीतरी कोरडं करत असलं पाहिजे.

नोंदवहीत आर्द्रता रोज ४५ टक्के. हा आकडा यायचा कुठून? शेजारच्या उपकरण-खोलीतल्या सेन्सरवरून. चुंबकाच्या खोलीत मोजमाप होतच नव्हतं. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आणून आधी तो मिठाने तपासला: बाटलीच्या टोपणात मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घालायचं, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. आतली आर्द्रता ७५ टक्के होते. मापकाने ७२ दाखवलं, म्हणून तीनची दुरुस्ती धरली. (अशी दुरुस्ती एकाच बिंदूवरची असते, खालच्या टोकाला ती तितकीच लागू पडेल असं नाही, पण कामापुरती पुरते.) मापक स्कॅन चालू नसताना, चुंबकापासून दूर, दाराजवळच्या लाकडी स्टुलावर वीस मिनिटं ठेवून बाहेर काढायचा. त्यात सेल आणि सर्किट असल्याने स्कॅनच्या वेळी आत ठेवून चालत नाही. खोलीत निघाली २८ टक्के. एमआरआयच्या खोलीत साधारण ४० ते ६० टक्के अपेक्षित असते.

कारण मागच्या जुलैतल्या एका बदलात सापडलं. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ६५च्या वर जात होती, म्हणून एसीवाल्याने डीह्युमिडिफायरची, म्हणजे हवेतली वाफ काढणाऱ्या यंत्राची, कळ ३० टक्क्यांवर आणून ठेवली होती. जुलैत बाहेरून इतकी वाफ येत होती की ते यंत्र पूर्ण चालूनही खोली ५०च्या खाली जात नव्हती. सगळे खूश. पावसाळा संपला, वाफ कमी झाली, कळ तिथेच राहिली, आणि आता यंत्र ३०चं लक्ष्य खरोखर गाठू लागलं. ऑक्टोबरात जे सेटिंग निरुपद्रवी होतं तेच फेब्रुवारीत घातक झालं. कुणी काही बदललं नाही म्हणूनच.

ठिणगी शोधण्याचं काम

पट्टे डोळ्यांनी मोजणं बेभरवशाचं. म्हणून कच्चा डेटा, म्हणजे के-स्पेसचा मूळ तक्ता, थेट तपासायचं ठरलं. कडेच्या भागात मेंदूचा सिग्नल जवळजवळ नसतो, नुसता गोंगाट असतो, त्यामुळे तिथे ठिणगी उठून दिसते. उंबरठा किती ठेवायचा याचा हिशेब असा: ९६ × ९६ म्हणजे ९,२१६ बिंदू, ६० स्लाइस, २० चॅनेलची हेड कॉइल (डोक्याभोवतीची, वीस कानांनी सिग्नल ऐकणारी अँटेना). एका व्हॉल्यूममध्ये सुमारे १ कोटी १० लाख बिंदू. गोंगाटाच्या सिग्माच्या (प्रमाण विचलनाच्या) ५ पट उंबरठा ठेवला तर निव्वळ योगायोगाने एका व्हॉल्यूममध्ये सुमारे ४० बिंदू तो ओलांडतात. ७ पट ठेवला तर शंभर पूर्ण स्कॅनमध्ये एखादाच. म्हणून ७. सिग्मा काढताना साधं प्रमाण विचलन घेऊ नये, कारण ठिणगीच ते फुगवते आणि स्वतः सुटून जाते. मध्यकावर आधारलेलं विचलन घ्यावं.

दुसरी खूण म्हणजे ठिणगी एकाच क्षणी सगळ्या चॅनेलमध्ये दिसते. एकाच चॅनेलमध्ये दिसली तर कॉइलचा खटका, कनेक्टर किंवा त्या चॅनेलचा ॲम्प्लिफायर तपासावा. इथे वीसही चॅनेल एकदम उडत होते. हेड कॉइल काढून मशीनच्या अंगच्या बॉडी कॉइलने ऐकलं तरी तेच. कॉइल निर्दोष.

मग एकेक गोष्ट वगळत जायचं. रेडिओ पल्स बंद ठेवून फक्त ग्रेडियंट (चुंबकीय क्षेत्र जागेनुसार बदलणारी वेटोळी) चालवले: ठिणग्या चालू. ग्रेडियंट बंद ठेवून फक्त ऐकलं: दहा मिनिटांत एक. म्हणजे मूळ हादऱ्यात किंवा बदलत्या चुंबकीय क्षेत्रात. डिफ्यूजनसाठी वापरायच्या इको-प्लॅनर या झटपट पद्धतीत ग्रेडियंटची दिशा सेकंदाला हजारच्या आसपास वेळा उलटते, म्हणून मशीन इतकं किंचाळतं आणि सैल असलेली प्रत्येक वस्तू थरथरते. एक्स, वाय, झेड असे ग्रेडियंट वेगवेगळे चालवून पाहिले. एखाद्याच अक्षावर ठिणग्या आल्या असत्या तर त्या ग्रेडियंटच्या केबलचा बोल्ट सैल असल्याचा संशय घेता आला असता. तिन्हींवर कमी-जास्त आल्या. सर्व्हिस इंजिनिअरने मशीनचं बाहेरचं कव्हर उघडून सगळे बोल्ट टॉर्क पाना लावून तपासले, टेबलाखालच्या फटीतून एक हेअरपिन आणि जुन्या स्टिकरची चांदी काढली, आणि ‘मर्यादेत’ असा शेरा मारून तो पुण्याला परतला. हेअरपिन सापडल्याचा आनंद दोन दिवस टिकला.

पुढचा माग बिलांच्या फायलीत लागला. खोलीत गेल्या सहा महिन्यांत कुणी, काय काम केलं याची यादी रुग्णालयाच्या मेंटेनन्स विभागाकडून मागवली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एसीच्या डक्टची सफाई झाली होती. पट्ट्यांची पहिली नोंद जानेवारीची. चुंबकाच्या वर, फॉल्स सीलिंगमध्ये हवा येण्याची ॲल्युमिनियमची जाळी आहे. सफाईसाठी ती उतरवली होती आणि परत लावताना चारपैकी दोनच स्क्रू घट्ट बसवले होते.

पडताळणी सोपी, पण शिस्तीने करण्याजोगी. कानात प्लग आणि वर इअरमफ लावून, खिसे रिकामे करून, प्रशिक्षित माणसानेच आत उभं राहायचं. टेबलावर फँटम, मशीनच्या बोगद्यात कुणी नाही. हातात पीव्हीसीचा पाइप, टोकाला सुती पट्टी गुंडाळलेली. सिक्वेन्स चालू असताना जाळीच्या एकेका कोपऱ्याला पाइपने वर दाबायचं, आणि बाहेर इंजिनिअरने मोजणी पाहायची. चुंबकाकडच्या डाव्या कोपऱ्याला दाब दिला की ठिणग्या थांबत, सोडला की सुरू. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच.

ही जाळी पावडर कोटिंग केलेली. रंगाचा थर वीज अडवतो. घट्ट स्क्रू रंग खरवडून धातूला धातू भिडवतो, सैल स्क्रू भिडवत नाही. वरून सतत वाहणारी कोरडी हवा अशा सुट्या धातूवर विद्युतभार साठवते. शिवाय सीलिंगच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांची चौकट हे बंद कडं असतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात अशा कड्यात विद्युतदाब निर्माण होतो. सैल सांधा म्हणजे त्या कड्यातली नेमकी फट. थरथरीने फट मिटते-उघडते आणि दर वेळी सूक्ष्म ठिणगी पडते. कारणं दोन्ही आहेत हे ब्लोअर बंद करून कळलं: ठिणग्या निम्म्यावर आल्या, संपल्या नाहीत.

आर्द्रता आणि जाळी यांचा वाटा वेगळा काढण्यासाठी चार स्थितींत दहा-दहा मिनिटं मोजलं. जाळी सैल आणि आर्द्रता २८ टक्के: ४१ ठिणग्या. जाळी सैल, आर्द्रता ४७: १२. जाळी पक्की, आर्द्रता २९: १. जाळी पक्की, आर्द्रता ४७: शून्य. मूळ दोष जाळीचा, आणि कोरडेपणाने त्याला तिपटीहून जास्त बळ दिलं. नुसती आर्द्रता सुधारून थांबले असते तर पुढच्या हिवाळ्यात हेच प्रकरण पुन्हा उभं राहिलं असतं. एकच औषध देऊन थांबण्यापेक्षा दोन्ही औषधं पूर्ण दिलेली बरी.

दुरुस्तीचा खर्च किरकोळ आहे. जाळीच्या चारही सांध्यांवरचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, पितळी स्क्रू आणि दातेरी पितळी वॉशर लावले. साधे लोखंडी स्क्रू तर वर्ज्यच. ‘स्टेनलेस’ म्हणून मिळणारे स्क्रूही वळवताना-ठोकताना थोडे चुंबकीय होतात, आणि चुंबकाच्या बरोबर वर तशी वस्तू सैल असणं म्हणजे धोका. शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना नुसत्या टेकत होत्या, तिथे नायलॉनची चकती घालून त्या पूर्ण वेगळ्या केल्या. अशा खोलीत धातू एकतर घट्ट जोडलेला हवा किंवा पूर्ण सुटा. टेकलेला नको. पॉलिस्टरची पांघरुणं काढून सोलापुरी सुती चादरी आणल्या. वरच्या मोजणीतली ती एकटी ठिणगी (जाळी पक्की, आर्द्रता २९) टेबलावरच्या पॉलिस्टर पांघरुणाची असावी, असा अंदाज होता. चादर बदलून २९ टक्क्यांवर तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा शून्य.

झालेल्या ४६ स्कॅनचं काय

दुरुस्तीपेक्षा हे जड गेलं. कच्चा डेटा उरला होता फक्त शेवटच्या ५ जणांचा. मशीन स्वतःच्या डिस्कवरचा जुना कच्चा डेटा पुसत जातं, आणि पॅक्समध्ये (रुग्णालयाच्या प्रतिमा-साठ्यात) जातात त्या तयार प्रतिमा. कच्च्या डेटात ठिणगीचा बिंदू काढून त्या जागी शून्य ठेवलं की पट्टा जातो आणि नुकसान नगण्य. तयार प्रतिमेत मात्र फेजची (लाट कुठून सुरू होते याची) माहिती टाकून दिलेली असते, शिवाय समांतर इमेजिंगच्या, म्हणजे अनेक चॅनेलची माहिती जोडून चित्र बनवण्याच्या, गणितातून जाताना एक बिगडलेला बिंदू शेजारच्या अनेकांत पसरलेला असतो. मागे जाता येत नाही. ‘प्रतिमेवरच फूरिये (चित्राचं पुन्हा लाटांत रूपांतर) करून ठिपके पुसू’ ही सूचना आली होती. ती फेटाळली ते बरं झालं. चित्र देखणं होतं, आकडे बरोबर होत नाहीत.

गट कोणता हे झाकून, दोघांनी स्वतंत्रपणे सगळे व्हॉल्यूम तपासले. ४६पैकी १९ स्कॅनमध्ये पट्टे निघाले: मधुमेही गटात १६, निरोगी गटात ३. कच्चा डेटा असलेले पाचही या १९मध्येच होते, ते मुळापासून दुरुस्त झाले. उरलेल्या १४पैकी १०मध्ये खराब व्हॉल्यूम तीन किंवा कमी होते. ते व्हॉल्यूम पूर्ण वगळले. टेन्सर काढायला गणिताने सहा दिशा पुरतात, पण भरवशाचा एफए हवा तर २०च्या वर आणि गोलावर सारख्या पसरलेल्या हव्यात. २७ चालतात. दिशा कमी झाल्या की एफएचा कल थोडा बदलतो, म्हणून ‘वापरलेल्या दिशांची संख्या’ हाही घटक विश्लेषणात धरला. उरलेले चार स्कॅन मात्र व्हॉल्यूम वगळूनही वाचण्याजोगे नव्हते. ‘तीन’ ही मर्यादा एफए पाहण्याआधी ठरवून, तारखेसह लिहून ठेवली होती. नंतर ठरवली असती तर तिला काही किंमत नव्हती.

एथिक्स कमिटीला प्रोटोकॉलमधला बदल म्हणून लेखी कळवलं. चार जणांना पुन्हा बोलवायचं तर नवं संमतीपत्र लागतं, आणि आधीचा स्कॅन का वाया गेला हे त्यात साध्या मराठीत सांगावं लागतं. ‘तांत्रिक कारणास्तव’ पुरत नाही. कवठेमहांकाळहून आलेल्या एका आजोबांनी विचारलं, “म्हणजे माझ्या डोक्यात पट्टे नाहीत ना?” संमतीपत्राच्या पुढच्या मसुद्यात हे उत्तर पहिल्याच ओळीत घातलं. तिघे आले, एकाने नकार दिला, त्याचा डेटा काढून टाकला.

पुन्हा विश्लेषण केलं तेव्हा करड्या द्रव्यातली वाढ गेली. श्वेतद्रव्यातला फरक बराच कमी झाला, दोन ठिकाणी टिकला. तो आजाराचा की ऋतूचा हे सांगायला हा अभ्यास आता अपुरा आहे, कारण गट अजूनही वेगवेगळ्या महिन्यांत मोजलेले आहेत. पुढच्या टप्प्यात दर आठवड्याला दोन्ही गटांतले सारख्या संख्येने घ्यायचे ठरलं आहे, मग मधुमेही मिळेपर्यंत निरोगी लोकांना थांबावं लागलं तरी चालेल.

सध्याची पद्धत

दर सोमवारी पहिल्या पेशंटआधी बर्फाचा फँटम. रुंद तोंडाच्या प्लास्टिक बरणीत मधोमध पाण्याची बंद बाटली, भोवती बर्फाचा चुरा आणि पाणी, किमान एक तास थांबायचं, स्कॅन संपेपर्यंत बर्फ शिल्लक असलाच पाहिजे. पाण्याचा एडीसी तापमानाबरोबर अंशाला दोन-तीन टक्के बदलतो. बर्फ असेपर्यंत तापमान आपोआप शून्यावर राहतं, थर्मामीटरची कटकट नाही. सिक्वेन्स संशोधनाचाच, आवर्तन एकच. वहीत सरासरी, प्रमाण विचलन आणि ठिणग्यांची संख्या असे तीन आकडे. एकही ठिणगी आली तर त्या आठवड्याचे संशोधन स्कॅन थांबतात. रुग्णांचे चालू राहतात.

प्रत्येक संशोधन स्कॅननंतर, माणूस कपडे बदलेपर्यंत, कच्च्या डेटावर ठिणगी तपासणी चालते. पट्टा सापडला तर माणूस अजून इमारतीत असतो आणि पाच मिनिटांत पुन्हा घेता येतं. कच्चा डेटा एका स्कॅनला सुमारे ३ जीबी, वाचनदिशेचं दुप्पट सॅम्पलिंग धरलं तर ६. चार टीबीच्या डिस्कवर सहाशेच्या वर स्कॅन मावतात. मशीनच्या वेळेपुढे डिस्कची किंमत काहीच नाही, तरी ही खरेदी मंजूर व्हायला दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस लागले.

डीह्युमिडिफायरच्या कळीवर आता दोन खुणा आहेत, जून ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मे, आणि कळ फिरवणाऱ्याने तारीख घालून सही करायची. आर्द्रता चुंबकाच्या खोलीत मोजली जाते. सीलिंगच्या वर कुणीही, कशासाठीही चढलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटांची ग्रेडियंट चाचणी झाल्याशिवाय मेंटेनन्सच्या कागदावर ‘काम पूर्ण’ लिहिलं जात नाही. गेल्या पावसाळ्यात गळतीसाठी दोन टाइल्स काढल्या होत्या. चाचणीत सहा ठिणग्या आल्या, एक टाइल परत बसवून घ्यावी लागली.